मोरीकडची बसराई

नानांच्या शब्दाला गावात वजन होतं, आणि ते केळीनं मिळवून दिलेलं होतं. त्यांच्या वडिलांनी बसराई जातीच्या केळीच्या जिवावर दोन विहिरी बांधल्या, घरावर माडी चढवली, चार बहिणींची लग्नं लावली. सावद्याच्या आणि रावेरच्या स्टेशनात दिल्लीकडे जाणाऱ्या वॅगन भरल्या जात, तेव्हा त्यांचा माल कुणी उलटून पाहत नसे. पुढे ग्रँड नैन आली, ऊतिसंवर्धित रोपं आली, ठिबक आलं. नानांनी ते सगळं वेळेवर उचललं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावानं पारावर पेढे वाटले. त्या पेढ्यांवर आपलाही हक्क आहे असं नानांना वाटलं, आणि ते खरंच होतं.

पण पाणी खाली चाललं होतं. आधी विहिरी आटल्या, मग बोअर आल्या, मग एक बोअर कोरडी पडली म्हणून तिच्या शेजारी दुसरी, तिच्याहून खोल. सातपुड्याच्या पायथ्याला एकेकाळी हाताला लागेल इतक्या वर असलेलं पाणी शोधायला आता गाडी बोलवावी लागत होती. केळीचं गणित सरळ आहे. तिला वर्षाला साधारण १,८०० ते २,००० मिलिमीटर पाणी लागतं. आपल्याकडे आभाळातून ७०० च्या आसपास पडतं, तेही चार महिन्यांत. दीड मीटर बाय दीड मीटरवर लावलेल्या एका झाडाच्या वाट्याला वर्षाचं ४,००० ते ४,५०० लिटर येतं. पाऊस देतो त्यापलीकडचं सगळं जमिनीच्या पोटातून उपसायचं. ज्याच्याकडे उपसायला आहे त्याचं भागतं. ज्याच्याकडे नाही तो दर मृगाला नानांच्या ओट्यावर येऊन बसतो आणि विचारतो, “नाना, यंदा केळी लावू का?”

नाना उत्तर द्यायचे. अनुभवानं द्यायचे, अंदाजानं द्यायचे. एका वर्षी त्यांच्या होकारावर केळी लावलेल्या एकानं एप्रिलमध्ये उभी बाग सोडून दिली, आणि त्यानंतर नानांना अंदाजानं बोलणं जड जाऊ लागलं.

त्यांची पुतणी उद्यानविद्या शिकून घरी आली होती. घरात आणि गावात सगळे तिला ताईच म्हणत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला १९९३ साली सुरू झालेलं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, तिथलं एक प्रशिक्षण ती करून आली होती. तिनंच काकांना सुचवलं, “नाना, अंदाज कशाला? लावून बघू. पाच जाती, आणि पाणी निम्मं. जी तगेल ती तगेल.”

नानांनी घरामागची पंधरा गुंठे जमीन दिली.

ताईनं बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन घेतल्या. या तिघी एकाच कुळातल्या, व्यापाऱ्याच्या ओळखीच्या. त्यांच्या जोडीला तिनं दक्षिणेकडून दोन जातींचे कंद मागवले: कर्पूरवल्ली आणि मोंथन. गावातल्या कुणी त्या पाहिल्या नव्हत्या. ताईचं म्हणणं असं, की आपण खातो त्या केळींचे मूळ पूर्वज दोन. एक दमट रानात वाढलेला, दुसरा काही महिने कोरडे काढणाऱ्या रानातला. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या सगळ्या पहिल्याच पूर्वजाच्या लेकी. त्यांच्यात दुसऱ्याचा अंशही नाही. कर्पूरवल्ली आणि मोंथन यांच्यात मात्र त्या कोरड्या रानाच्या पूर्वजाचा वाटा मोठा. सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी १९५५ साली झाडाची पंधरा लक्षणं बघून हा वाटा कसा ओळखायचा ते मांडलं होतं. “अंगात आहे म्हणून आपल्या मातीतही दिसेलच असं नाही,” ताई म्हणाली. “म्हणून तर लावायची.”

जागेचे तिनं तीन गट पाडले. प्रत्येक गटात पाच वाफे, प्रत्येक वाफ्यात एकाच जातीची बारा झाडं, दोन रांगांत सहा-सहा. कुठल्या वाफ्यात कुठली जात, हे तिनं स्वतः ठरवलं नाही. शेजारच्या शाळकरी पोराकडून चिठ्ठ्या उचलून घेतल्या. सगळ्या जागेभोवती ग्रँड नैनची एकेक रांग लावली आणि सांगितलं, ही राखणीची रांग, हिच्यातलं एकही झाड मोजायचं नाही. कडेच्या झाडाला ऊन, वारा, पाणी वेगळं मिळतं. त्याचा आकडा खोटं बोलतो. पलीकडे वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी टोकली.

“आणि एक,” तिनं सालदाराला, नानांना, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. “दिवाळीपर्यंत पोटभर पाणी. दिवाळीनंतर निम्मं. मग कुणी मान टाकली तर टाकू द्यायची. मेलं तर मेलं म्हणून लिहायचं. कुणी कुणाला वाचवायचं नाही.”

हे ऐकताना नानांची आई, जिजी, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून तूर निवडत होती. ती काही बोलली नाही.

जिजीचं वय सांगता येत नव्हतं, पण बहात्तरच्या दुष्काळात तिची तीन पोरं झालेली होती, इतकं तिला पक्कं आठवत होतं. त्या वर्षी विहिरीच्या तळात उतरून वाटीनं पाणी भरायचं, दोरानं वर ओढायचं, आणि आधी पोरं, मग बैल, मग केळी, अशी तिची रांग असायची. तिनं त्या वर्षी बसराईचे चाळीस-पन्नास कंद जगवले. पुढची सगळी बाग त्या कंदांतून वाढली असं ती सांगायची, आणि घरात ते कुणी खोडून काढत नसे. डोळ्यांसमोर झाड तहानलेलं आहे आणि आपल्या हातात पाणी आहे, अशा वेळी काय करायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मृगात लागण झाली. पावसाळ्यात पाचही जाती सारख्याच जोमानं वाढल्या, आणि बघणाऱ्यांना वाटलं, यात परीक्षा ती कसली. दिवाळी झाली. ताईनं ठिबकचं पाणी निम्म्यावर आणलं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीनं सगळीच बाग जरा थबकली. खानदेशातली थंडी केळीला मानवत नाही. खरी गोष्ट फेब्रुवारीपासून सुरू झाली.

केळीची मुळं उथळ असतात. वरच्या फूट-दीड फुटातलं पाणी संपलं की तिच्याजवळ दुसरी शिल्लक नसते. मग ती पान मिटते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू खाली झुकतात, पंखांसारख्या, आणि पान उन्हाला कमी अंग देतं. ताई रोज दुपारी दोन वाजता वही घेऊन फिरायची: कुठल्या झाडाची किती पानं मिटली, किती उघडी, बुंध्याचा घेर किती, नवं पान किती दिवसांनी आलं. कर्पूरवल्ली दुपारी मिटायची आणि संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायची. मोंथनचंही तसंच. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन मात्र मार्च लागेपर्यंत सकाळीही नीट उघडेनात.

पहिल्या गटातली बसराई तेवढी वेगळी निघाली.

हा वाफा चिठ्ठीनं घराच्या अगदी पाठीशी पडला होता. फेब्रुवारीच्या शेवटी तिथली झाडं निसवायला लागली. केळफूल बाहेर आलं, एकेक फणी उघडत गेली. आठ-नऊ फण्यांचे घड! निम्म्या पाण्यावर! दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या बसराईत तेव्हा काही घड खोडाच्या तोंडाशीच अडकून बसले होते, आणि बाहेर आलेल्यांना पाच-सहाच फण्या होत्या. त्या दोन गटांकडे बघायला कुणी जात नव्हतं. लोक घरामागून यायचे, पहिल्याच वाफ्यापाशी थांबायचे, घडाला हात लावायचे, फोटो काढायचे आणि परत जायचे.

यात लोकांचा दोष मी मानत नाही. आशेला जागा हवी असते आणि ती पहिल्यांदा भेटेल तिथं उतरते. पण पिकांच्या चाचण्या दाखवणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवायला हवं. रस्त्याकडेचा प्रात्यक्षिकाचा प्लॉट, ज्याला सगळ्यात चांगली माती, सगळ्यात आधी खत आणि सगळ्यात जास्त पाणी मिळतं, तो बघून माणूस घरी जातो आणि आपल्या मुरमाड तुकड्यावर कर्ज काढतो. प्लॉट लावणाऱ्याचं काहीच जात नाही. जातं ते बघून गेलेल्याचं.

बघून गेलेल्यांत ओढ्यापलीकडची वहिनी होती. नवरा जाऊन तिला काही वर्षं झाली होती. पदरात दोन मुलं, दोन एकर रान, आणि उन्हाळ्यात तासभर चालली की दम टाकणारी विहीर. तिच्या दृष्टीनं त्या घडात मोठी गोष्ट अशी होती, की ती बसराई होती. ग्रँड नैन लावायची तर हजारोंनी रोपं विकत घ्यावी लागतात. बसराईचे कंद नानांच्या जुन्या बागेत पडलेले होते. तिनं विचारलं आणि नाना म्हणाले, “कंद माझ्याकडून घेऊन जा. पैशाचं बघू नको.” तिनं सोसायटीकडे पीककर्जाचा अर्ज केला, ठिबकची चौकशी केली, आणि मे महिन्याच्या उन्हात मुलांना घेऊन खड्डे घ्यायला सुरुवात केली.

नानांना त्या दिवसांत फार बरं वाटत होतं. वडिलांची बसराई पुन्हा उभी राहिली, तीही कमी पाण्यावर, आणि गरिबाच्या कामी आली. याहून काय हवं?

ताईला मात्र बरं वाटत नव्हतं. ती तीन गटांचे कागद पुढ्यात घेऊन बसायची.

“सरासरी काढ ना,” नाना म्हणाले. “एक चांगला, दोन मध्यम. तरी बसराई पुढंच राहील.”

“नाना, तिन्ही आकडे एकाच गोष्टीबद्दल बोलत असले तर सरासरी काढायची. इथं पहिला आकडा वेगळंच काहीतरी सांगतोय.”

“माती चांगली असेल तिथली.”

“मग त्याच गटातली श्रीमंती का सुकली? माती तीच आहे.”

तिच्या टेबलावर पानसे आणि सुखात्मे यांचं पुस्तक होतं, भारतीय कृषी संशोधन परिषदेनं १९५४ साली पहिल्यांदा छापलेलं, शेतीच्या संख्याशास्त्राचं. विनायक पानसे आणि पांडुरंग सुखात्मे ही दोन्ही आपली मराठी माणसं. देशभरातल्या कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्या पुस्तकावर घडल्या, याचा ताईला अभिमान होता. रॉथमस्टेडच्या शेतावर रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात जे मांडलं, ते या पुस्तकानं आपल्याकडच्या वाफ्यांपर्यंत आणलं: एकच गोष्ट अनेक ठिकाणी लावा, कुठं लावायची ते चिठ्ठीवर सोडा, आणि एकाच जागेच्या नशिबावर विसंबू नका. तीन गट लावायचे ते कागद भरायला नव्हे. एका गटात जे दिसलं ते झाडाचं आहे की जागेचं, हे उरलेल्या दोघांना विचारता यावं म्हणून.

ती दुपारी उठली आणि वाफ्याकडे गेली. या वेळी तिनं बसराईकडे पाहिलं नाही. तिनं राखणीची रांग पाहिली, जी कुणी मोजत नव्हतं आणि म्हणून कुणी बघतही नव्हतं. जागेच्या तिन्ही बाजूंना ग्रँड नैनची पानं मिटलेली होती. घराकडच्या बाजूला, नेमक्या बसराईसमोर, राखणीची सहा झाडं मे महिन्याच्या दोन वाजता पानं पसरून उभी होती.

तिनं वाळलेल्या पाल्याचं आच्छादन बाजूला सारलं. खाली लव्हाळा हिरवागार. ओंजळभर माती उचलून तिनं मूठ दाबली. बोटांच्या खुणा तशाच राहिल्या. पाल्याखालून एक बारीक पाट आला होता, हातभर लांबीच्या फावड्यानं नीट ओढलेला, आणि तो घराच्या मागच्या मोरीपाशी जाऊन थांबत होता. मोरीचं सांडपाणी आधी अळवाकडे जायचं. अळू सुकून गेलं होतं.

नऊ-दहा माणसांचं घर. अंघोळी, भांडी, धुणी. रोजचं दोन-अडीचशे लिटर पाणी, दिवाळीनंतर एक दिवस खंड न पडता.

जिजीनं काही लपवलं नाही. “हो, मीच ओढला पाट,” ती म्हणाली. “अळवाचं काय, ते पुन्हा येतं. ही बसराई रोज दुपारी माझ्या तोंडापुढं मान टाकायची. मी दार लावून बसू? तुमचं नळीतलं पाणी मी घेतलं नाही. वाया जाणारं होतं ते दिलं. त्यात कुणाचं काय बिघडलं?”

नाना कागदांकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “आईचं नाव बाहेर जायला नको. पहिला गट वगळून टाकू. दोन गटांचे आकडे लावू सोसायटीच्या फळ्यावर. कारण सांगायची काय गरज?”

“लोकांनी घड हातानं चाचपलाय, नाना. ते कागदावर विश्वास ठेवतील का हातावर? कारण सांगितलं नाही तर म्हणतील, नानांना कंद द्यायचे नाहीत म्हणून आकडे फिरवले. आणि ओढ्यापलीकडच्या वहिनीचे खड्डे झालेत.”

“कसले खड्डे?” जिजीनं विचारलं.

“केळीचे. ती बसराई लावतेय. तो घड बघून.”

जिजीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी ती एका वाफ्याला पाणी पाजत होती. त्या वाफ्यावर नजर ठेवून दुसऱ्या कुणी आपलं रान पणाला लावलंय हे तिच्या ध्यानी आलं नव्हतं. ती काही क्षण बसून राहिली, मग काठी शोधू लागली. नाना म्हणाले, “ऊन उतरू दे, मी जातो.” ती म्हणाली, “पाणी मी दिलं. तू जाऊन काय सांगशील?”

ती भर उन्हात ओढा ओलांडून गेली. ताई मागून गेली, पण दोन पावलं अंतर ठेवून.

वहिनी खड्ड्यात वाकली होती. जिजीला येताना पाहून तिनं पदर सावरला, बसायला गोणपाट टाकलं, मुलाला पाणी आणायला पाठवलं. जिजी बसली नाही.

“मुली, तो घड माझ्या मोरीचा आहे,” ती म्हणाली. “निम्म्या पाण्याचा नाही. सहा महिने मी चोरून पाणी घातलंय. ते पाणी माझ्या मोरीत होतं, तुझ्या विहिरीत नाही. लावू नको.”

वहिनीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा लाल झाला. “आता सांगता? अर्ज झाला, खड्डे झाले, पोरांच्या हाताची सालं निघाली. आणि आता सांगता?”

“आजच समजलं की तू लावतेयस. समजलं तशी आले.”

“मग मी कुणावर विश्वास ठेवू?”

याला जिजीकडे उत्तर नव्हतं. तिनं वहिनीचा हात धरला आणि तिला घेऊन परत आली. घरामागून, पहिल्या वाफ्याजवळून, तिथं न थांबता, सरळ तिसऱ्या गटाकडे. “इथं मी आले नव्हते. हे बघ.” तिथल्या बसराईचा एक घड अर्धा बाहेर आणि अर्धा आत अडकून वाकडा झाला होता. दुसऱ्या झाडाच्या घडाला फण्या मोजक्या होत्या, आणि केळी बोटाएवढी. ताईनं वही वहिनीच्या हातात दिली. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली होती. तिनं एकेक ओळ वाचली, मध्येच विचारलं, “हे ‘मेलं’ लिहिलंय ते कुठलं?” आणि ताईनं ती जागा नेऊन दाखवली.

संध्याकाळी नाना सोसायटीच्या फळ्याजवळ उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सगळं सांगितलं, आईच्या नावासकट. सांगताना आवाज बसला होता. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला काय कळतं. नाना म्हणाले, “तिला झाडाची तहान कळली. परीक्षा कशासाठी आहे ते आम्ही तिला सांगितलं नाही. नियम सांगितला आणि कारण गिळलं.”

वहिनीनं केळी लावली नाही. अर्ज कमी रकमेचा करून घेतला, ज्वारी आणि तूर पेरली. चार-सहा लोकांनी तिला बोलून दाखवलं की नानांच्या घरानं तुझी संधी घालवली. एका तरुणानं सगळं ऐकूनही बसराई लावलीच. घड त्यानं स्वतः पाहिला होता, आणि पाहिलेलं विसरणं त्याला जमलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तो टँकरनं पाणी आणत होता, मे मध्ये त्यानं बाग मोडली. नाना त्याच्या बांधावर गेले, बसले, त्याच्या कर्जाचं सोसायटीत बोलून हप्ते करून दिले.

चाचणी थांबली नाही. पहिल्या पिकाचे पहिल्या गटातले बसराईचे आकडे ताईनं तसेच ठेवले, पण त्यांच्यापुढे मोरीचं पाणी लिहिलं. आता पिलबागेची, म्हणजे त्याच झाडांच्या पिलांवर येणाऱ्या दुसऱ्या पिकाची, पाळी होती. ताईच्या मते कमी पाण्याची खरी कसोटी तिथंच लागते, कारण पहिल्या वर्षी झाड कंदात साठवलेल्या ताकदीवर आणि पावसाळ्याच्या पोटभर पाण्यावर बरंच चालतं. पिलाला आईची दमलेली जमीन मिळते आणि पहिल्या दिवसापासूनचं निम्मं पाणी.

मोरीचा पाट जिजीनं स्वतः वळवून अळवाकडे नेला. मग ताईनं तिला एक काम दिलं. दुपारी दोनला दारात बसून कुठल्या वाफ्याची किती झाडं मिटली ते मोजायचं. जिजीला लिहिता येत नव्हतं. तिनं तूरकाट्यांच्या काड्या घेतल्या. मिटलेल्या प्रत्येक झाडामागे एक काडी, वाफ्यागणिक वेगळी जुडी. पहिले काही दिवस तिचा हात कापायचा. एकदा तिनं ताईला हाक मारून सांगितलं, “आज बसराईच्या अकरा काड्या झाल्या. घेऊन जा लवकर, मला बघवत नाही.” ताईनं जुडी घेतली. दुसऱ्या दिवशी जिजी पुन्हा दारात बसलेली होती.

कर्पूरवल्लीला वेळ लागला. बसराई वर्षभरात मोकळी होते. ही दीड वर्षाच्या घरात गेली. पण तिन्ही गटांत ती उभी राहिली, आणि तिन्ही गटांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते. घड मोठे नव्हते. केळी जाडसर, राखेचा हात फिरवल्यासारखी पांढुरकी साय धरलेली. मोंथनही तगली, पण ती भाजीची केळी. तिच्यासाठी गिऱ्हाईक कुठून आणायचं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. व्यापाऱ्यानं कर्पूरवल्लीचा घड उचलून बघितला आणि खाली ठेवला. “ताई, दिल्लीचा माणूस ही ओळखत नाही. नवती आणा, पिलबाग आणा, अगदी वापसी आणा, भाव सांगतो. हिला माझ्याकडे भावच नाही.”

गाव पुन्हा निराश झालं. तगते तिला कुणी घेत नाही, आणि घेतात ती तगत नाही. ताईनं ही ओळसुद्धा वहीत लिहिली.

तेव्हा वहिनी आली. ज्वारी घरात आली होती, तूर शेंगांत होती. ती म्हणाली, “झाडाची परीक्षा तुम्ही घेतली. खाणाऱ्याची कुणी घेतली का?”

ताईनं तिला कर्पूरवल्लीचे चार घड दिले. वहिनीनं ते घरीच अढी लावून पिकवले आणि यावलच्या आठवडे बाजारात टोपली घेऊन बसली. येणाऱ्या प्रत्येकाला आधी चव, मग भाव. कुणी नाक मुरडलं, कुणी बी लागलं म्हणून तक्रार केली, कुणी डझनभर घेतली, एका बाईनं तासाभरानं परत येऊन आणखी मागितली. संध्याकाळी ती तशीच ताईकडे आली, टोपली ओट्यावर ठेवली.

ताईनं वही उघडली. “सांगा, किती विकली?”

“ते मग,” वहिनी टोपलीतली केळी बाहेर काढत म्हणाली. “उरलेली आधी लिही. ही तीन डझन, आणि यातली ही चार देठाला काळी पडलीत. तीही वेगळी लिही.”